सरकारच्या घरची मजुरी

मी मिस्त्री माणूस, नागभीडकडचा. शाळा बांधल्या, दवाखाने बांधले. पण सगळ्यात भक्कम काम हातून झालं ते जिल्ह्याच्या जेलातल्या नव्या बराकीचं. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत जंगलपट्ट्यात धरपकड वाढली होती, जेलात माणसं पाय दुमडून झोपायची. सरकारनं मंजुरी दिली आणि माल असा आला, की विचारू नका. ज्या ठेकेदारानं शाळेच्या कामाला आम्हाला माती मिसळलेली रेती दिली, तोच इथं रेती दोनदा चाळून घ्यायचा. माझं डोकंच सटकायचं.

विटा वाहणाऱ्या रेजांमध्ये एक बाई भामरागडकडची होती. तिचा नवरा ह्याच जेलात, पत्र्याच्या आडोशापलीकडे. सागाच्या लाकडावरून फॉरेस्ट गार्डाशी त्याची झटापट झाली, गार्डाचा हात मोडला. त्यानं नाकारलंही नव्हतं. शिक्षा झाली असती तर केव्हाच भोगून घरी गेला असता. पण कोर्टातल्या पेशीच्या दिवशी कधी गाडी नसायची, कधी सोबतीला पोलीस नसायचे. तारीख पुढं जायची, हा आतच. भिंतीला पैसा होता, गाडीच्या डिझेलला नव्हता.

बाई मरमर राबायची. बाकीच्या रेजा तंबाखू मळत बसल्या तरी हिच्या डोक्यावर घमेलं आहेच.

एकदा मी चिडवलं, "बाई, एवढी काऊन धावून राह्यली? सरकार जेल तुह्या नावावर करून देते का?"

ती हसली नाही. म्हणाली, "भाऊ, काम लवकर सरलं का तो लवकर सुटन."

मला काही उमगेना. मग थांबत थांबत तिनं सांगितलं. तिच्या गावात कोणी कोणाला इजा केली, की पंच बसतात. ज्याची चूक, त्याच्या घरचे लोक दुसऱ्याच्या शेतात राबतात. धान घरात पडलं, की दोन्ही घरं एका पंगतीला जेवतात आणि ती गोष्ट तिथंच मिटते. पुन्हा कोणी तोंडातूनही काढत नाही. गार्ड सरकारचा माणूस, बराक सरकारची. म्हणून ही सरकारच्या घरी राबत होती.

"अवो बाई, सरकारचं असं नसते," मी म्हटलं. "कोण राबलं, ते सरकारले दिसत नाई."

"भिंत तं दिसन," ती म्हणाली.

मी इंजिनिअर साहेबाच्या कानावर घातलं. माणूस वाईट नव्हता. "मिस्त्री, माझ्या हातात फक्त बांधकाम आहे," म्हणाला. खोटं काय बोलला?

पावसाळ्याआधी बराक उभी राहिली. मोठे साहेब आले, फीत कापली, पेढे वाटले. बाई धुतलेलं लुगडं नेसून फाटकाबाहेर बसली होती. सोबत पळसाच्या पानांत बांधलेला भात, तिघांपुरता. एक वाटा तिचा, एक नवऱ्याचा आणि एक सरकारकडून जो कोणी जेवायला बसेल त्याचा. मी तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो. बसवेना.

दुपारी कैदी हलवले. फाटकावरचा शिपाई खुशीत सांगत आला, "बाई, नशीबवान हाये तुहा घरवाला. पहिल्याच खेपेत नव्या बराकीत गेला. पंखा हाये तिथी!"

तिनं शिपायाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "भाऊ, माह्या कामात काई कसर राह्यली का?"

त्या भिंतीत सुई जाईल एवढी फट नव्हती. रागानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी उगाच त्या शिपायावर खेकसलो. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष! भात तसाच राहिला. संध्याकाळी तिनं तो कुत्र्यांपुढं टाकला.

पावसाळा सरला आणि त्याच आवारात दुसऱ्या बराकीला मंजुरी आली. अजून माणसं येणार होती म्हणे. तिच्या नवऱ्याची पेशी मात्र अजून झाली नव्हती. पाया खोदायला गेलो, तर बाई आधीच येऊन बसलेली. मी म्हटलं, "बाई, आता कायले आली? जा घरी."

"मागल्या वक्ताले मी रोजी घेतली, भाऊ," ती म्हणाली. "म्हणून सरकारनं ते काम धरलं नाई. ह्या वक्ताले मले पैसे देऊ नको."