फोन लागत नाही, एवढंच

शनिवारी सकाळी साडेदहाला माझ्या लेकीचा फोन लागला नाही, संध्याकाळपर्यंत तिची काही खबर नव्हती... आणि मी तीन ब्लाउज शिवले. मला ओळखणाऱ्यांना कळेल ही केवढी मोठी बातमी आहे. बाकीच्यांसाठी सांगते.

शेवगावात माझं शिलाईचं छोटं दुकान आहे. लेक स्नेहल नगरला हॉस्टेलवर राहून शिकते. आणि माझ्या डोक्यात एक कारखाना आहे, चोवीस तास चालू. कुणी फोन उचलला नाही की पहिल्या रिंगला ॲक्सिडेंट, दुसऱ्या रिंगला दवाखाना... तिसऱ्या रिंगला मी माती देऊन घरी आलेली असते.

याला कारण आहे. स्नेहलचे पप्पा गेले त्या दिवशी त्यांचाही फोन असाच लागत नव्हता. तेव्हापासून 'स्विच ऑफ' ऐकलं की कारखान्याचा भोंगा वाजतो.

मागच्या वर्षी तर मी कहर केला. स्नेहल दुपारभर फोन उचलेना, म्हणून चर्चच्या ग्रुपवर टाकलं, 'स्नेहलसाठी तातडीने प्रार्थना करा, सीरियस आहे.' मला तसं वाटत होतं हो... पण 'वाटतं' लिहायचं राहिलं. अर्ध्या तासात अख्खी मंडळी गुडघ्यावर! ग्रुपवरच्या नगरच्या दोघी ओळखीच्या बायका तर थेट कॉलेजात पोचल्या. स्नेहल प्रॅक्टिकल करत होती. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून सगळ्या वर्गासमोर मोठ्याने प्रार्थना केली.

आज हसू येतं, तेव्हा आलं नाही. स्नेहल भांडली असती तर बरं झालं असतं. तिने मला काही सांगणंच बंद केलं. ताप आला तरी नाही, पेपर अवघड गेला तरी नाही. रोज आठला फोन... मी ठीक आहे, जेवले, ठेवते. जिला गमवायची एवढी भीती, तिला मीच लांब ढकलत होते. फार लागलं ते मनाला.

शेवटी रूथमावशींपुढे रडले. मावशी म्हणजे आमच्या चर्चमधल्या, मुलांच्या रविवारच्या शब्बाथशाळेच्या जुन्या बाई, निम्म्या मंडळीला त्यांनीच प्रार्थना करायला शिकवलीय. त्या आधी मला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. मग एक दिवस समोर बसवून म्हणाल्या, तू एकटी असताना कशी प्रार्थना करतेस ते म्हणून दाखव. मी डोळे मिटले आणि सुरू केलं... प्रभू, माझ्या लेकीला त्या ट्रकपासून वाचव...

"कुठला ट्रक गं?"

मी डोळे उघडले.

"देवाला खरं तेवढंच सांगावं, पोरी. डोळ्यानं पाह्यलं न्हाई, कानानं ऐकलं न्हाई, ते तू रचलेलं हाय. त्याच्यात येशू कसा सापडंल तुला? तो खऱ्यात ऱ्हातो."

तेव्हापासून माझ्या प्रार्थना एकदम आखूड झाल्या. जेवढं माहीत तेवढंच बोलायचं, मग आमेन. सोपं वाटतं ना? महिनोन्‌महिने जमलं नाही. कधी दहा मिनिटं टिकायचे, कधी तेवढीही नाही. पुन्हा मावशींकडे, पुन्हा पहिल्यापासून.

आणि मग आली ही शनिवारची, कॉलेजची भंडारदऱ्याची ट्रिप. फॉर्मवर पालकांची सही लागत होती म्हणूनच मला कळलं. तिकडे रेंज नसते, सारखा फोन करू नकोस, असं स्नेहल म्हणाली, पण आवाज असा, जणू आई 'नाही'च म्हणणार हे ठरलेलंच. मी सही केली.

साडेदहाला एकदा फोन लावला. लागला नाही. धरण, घाट, पावसाने निसरडे झालेले दगड... कारखान्याने सगळी मशिनं एकदम सुरू केली. दोन वाजता मी चर्चचा ग्रुप उघडला होता. 'स्नेहलसाठी तातडीने' एवढं टाइप झालं होतं, अंगठा पुढे सरकत होता.

तेवढ्यात मावशींचा तो ट्रक आठवला आणि मला एकटीलाच हसू फुटलं. शिलाई मशिनच्या चाकावर हात ठेवला आणि म्हटलं, प्रभू, फोन लागत नाही. एवढंच मला माहीत आहे. बाकी तुला माहीत आहे. आमेन.

मेसेज पुसला. पुन्हा शिवायला बसले. भीती गेली नव्हती, खोटं कशाला सांगू... एक बाही उलटी लागली, उसवावी लागली. पण पुन्हा फोन केला नाही आणि ग्रुपवरही काही टाकलं नाही.

साडेसहाला स्नेहलचा फोन आला. पलीकडे आवाज घाबरलेला.

"आई, रेंज आली तर तुझ्या सकाळच्या एकाच मिस्ड कॉलचा मेसेज आला. तू बरी आहेस ना?"

मी इतकी हसले की शेजारचा चहावाला डोकावून गेला. मी बरी आहे म्हटलं, ट्रिप कशी झाली विचारलं. नेहमीचं 'ठेवते' येणार असं मला वाटलं.

"आई, मी पडले आज. दगडावरून पाय घसरला. गुडघा फुटलाय."

कारखान्यात खडखडाट झाला. होऊ दिला. औषध लावलंस का, एवढंच विचारलं. लावलं म्हणाली, आणि मग बोलतच सुटली... मैत्रिणी, गाडीत झालेली उलटी, राहिलेला एक विषय, वर्षभराचं सगळं. चाळीस मिनिटं मी नुसतं ऐकत होते, डोळे पुसत.

काल रविवारच्या उपासनेत प्रार्थनेची वेळ आली तशी मी उभी राहिले. उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांचा चेहरा जरा गंभीर झाला, त्यांचंही बरोबर आहे म्हणा. मी डोळे मिटले आणि खरं होतं तेवढंच सांगितलं...

प्रभू, माझ्या लेकीचा गुडघा फुटला, आणि तिने ते मला सांगितलं. तुझे आभार.

सगळ्यात मोठं आमेन रूथमावशींचं होतं.