रिकामा क्लिक

माझं पोटापाण्याचं काम विजेची मीटरं तपासण्याचं. मीटर किती पुढं पळतंय, किती मागं पडतंय ते टक्क्यांत काढायचं आणि कागदावर लिहून द्यायचं. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात अण्णांनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, आपला जुना कॅमेरा माझ्यापुढे ठेवला आणि याचं शटर किती बरोबर आहे ते मोजून दे म्हणाले, तेव्हा मला काम नवीन वाटलं नाही. घाई का आहे हेही विचारावं लागलं नाही. आम्ही दोघं आदल्याच दिवशी वहिनींना कलबुर्गीच्या दवाखान्यातून परत घेऊन आलो होतो.

अण्णांचा खटकचिंचोळीत बाजाराच्या रस्त्यावर फोटो स्टुडिओ आहे. आता तिथे मुख्यतः झेरॉक्स चालते. हा कॅमेरा त्यांच्या उमेदीच्या काळातला. एकावर एक दोन भिंगं असलेला चौकोनी डबा. वरच्या भिंगातून बघायचं, खालच्यातून फोटो निघतो. बघायची काच डोक्यावर असल्यामुळे कॅमेरा पोटाशी धरून मान खाली घालावी लागते. एका रोलवर बारा फोटो.

लग्नं-बारशी सगळ्यांनीच काढली, पण आसपासच्या गावांत अण्णांना बोलावणं यायचं ते मयताच्या फोटोसाठी. तेव्हा कितीतरी घरांत गेलेल्या माणसाचा एकही फोटो नसायचा. लिंगायतांच्या घरी मयताला बसवलेलं असायचं, आमच्यासारख्यांच्या घरी आडवं ठेवलेलं. अण्णा समोर जाऊन उभे राहायचे, रोल घालण्याआधी कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडं करायचे, मान खाली घालून एकदा रिकामंच बटण दाबायचे आणि मग रोल घालून फोटो काढायचे. लोकांना वाटायचं, फोटोवाला मयताला नमस्कार करतोय. तेवढा वेळ रडणाऱ्या बायकाही थांबायच्या. खरं कारण असं की कॅमेरा काही वेळ पडून राहिला की त्याचा पहिला क्लिक जड पडायचा, फोटो बिघडायचा. लग्नात पहिला फोटो मंडपाचा असतो, तो कसाही आला तरी चालतं. मयताच्या घरी लोक तिरडी बांधून थांबलेले असतात.

या प्रत्येक घरी वहिनी बरोबर असायच्या. मयताचं तोंड अंधाऱ्या बाजूला असलं की त्या पांढरं धोतर दोन्ही हातांनी ताणून धरायच्या आणि दारातून येणारा उजेड त्या धोतरावरून चेहऱ्यावर पाडायच्या. धोतर कुठं, किती कलतं धरायचं हे अण्णांना सांगावं लागत नसे. असे कितीतरी फोटो आज कुठल्या कुठल्या भिंतींवर आहेत. त्या कॅमेऱ्यानं काढलेला वहिनींचा मात्र एकही नाही. त्या कायम धोतराच्या मागं.

कलबुर्गीच्या डॉक्टरांनी आम्हाला पडद्याबाहेर बोलावून कन्नडमध्ये सांगितलं की फुप्फुसात आता करण्यासारखं काही उरलेलं नाही, घरी न्या. वहिनींना कन्नड आमच्याइतकंच येत होतं आणि पडदा पातळ होता. येताना गाडीत अर्धा रस्ता मागं पडल्यावर त्या म्हणाल्या, "मी गेल्यावर आधार कार्डावरचा फोटू भिंतीला लावचाल तर बघा. चोरावानी दिसतीय मी त्यात." अण्णा म्हणाले, आपल्या कॅमेऱ्यानं काढू. वहिनी म्हणाल्या, जिती आहे तोवर काढा म्हणजे झालं.

तर मोजणी अशी केली. कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं. भिंगासमोर बॅटरी लावली आणि मागं, जिथं फिल्म असते तिथं, उजेड पडला की करंट देणारा बारका सेन्सर ठेवला. त्याची वायर मोबाईलच्या माईकच्या जागी जोडली. मोबाईलमध्ये आवाजाची रेघ काढणारं ॲप असतं. शटर उघडलं की रेघ वर उसळते, मिटलं की खाली येते. मधलं अंतर म्हणजे शटर उघडं राहिल्याचा वेळ. एकशे पंचवीसवर काटा ठेवला तर सेकंदाचा एकशे पंचविसावा भाग यायला पाहिजे.

दुसऱ्या क्लिकपासून पुढं तो शंभरावा भाग येत होता. म्हणजे शटर पंचवीस टक्के जास्त उघडं राहत होतं, पण दर वेळी तेवढंच. इतकं चालून जातं. पहिल्या क्लिकचं मात्र काही खरं नव्हतं. एका सकाळी पंधरावा भाग, दुसऱ्या सकाळी तिसावा, एकदा तर आठवा. जुनं तेल थंडीत घट्ट होतं, शटरची पाती चिकटतात. आठवा भाग म्हणजे माणसानं नुसता श्वास घेतला तरी फोटो हलणार.

अण्णांना आकडे सांगितले. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. हैदराबादला असे कॅमेरे उघडून साफ करून देणारा एक कारागीर होता. फोनवर तो म्हणाला, महिना लागेल आणि पातं तुटलं तर मिळायचं नाही. महिन्याची खात्री आमच्यातल्या कुणालाच नव्हती. अण्णा म्हणाले, राहू दे, पहिला रिकामा मारला की झालं.

फोटो काढायचा ठरला त्या सकाळी ऊन चांगलं होतं. माझ्या बायकोनं वहिनींचे केस विंचरले, तोंडाला पावडर लावली आणि अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर आणून बसवलं. पाठीला उशी दिली. त्यांना फार वेळ बसवत नव्हतं. धोतर मी धरलं होतं आणि वहिनी खुर्चीतून मला सांगत होत्या, जरा खाली, भाऊजी, हनवटीवर येऊ द्या उजेड. अण्णांनी कॅमेरा पोटाशी धरला, रोल अजून खिशातच होता. सवयीनं त्यांनी कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडं वळवलं आणि मान खाली घातली.

"ते नका करू," वहिनी म्हणाल्या.

अण्णांचं बोट थांबलं. मला वाटलं, वहिनींना कारण माहीत नसावं. म्हणून मी म्हणालो, "वैनी, ते शटर मोकळं व्हायला करायलेत. पैला क्लिक जड पडतो त्याचा."

"म्हाईत हाय, भाऊजी. धोतर धरून मीच हुभी ऱ्हायलीय की शेजारी. पर ते मयताच्या म्होरं करत्यात. मी अजून बसलीय."

अण्णांनी कॅमेऱ्याचं तोंड वर केलं. मग म्हणाले, "बरं. न्हाई करत."

त्यांनी रोल घातला. मी धोतर खांद्यावर टाकून जवळ गेलो आणि हळूच म्हणालो की रोल काढा, रस्त्यावर जाऊन एक मारून या, वहिनींना ऐकूसुद्धा येणार नाही. ते म्हणाले, "आत्ताच न्हाई करत म्हणलो ना तिला." मग कितीवर ठेवू ते सांग म्हणाले. तो आकडा माझ्याकडं नव्हता. मीटर रोज तेवढंच पळत असलं तर आम्ही तेवढं वजा करतो. कधी पळणारं, कधी अडणारं मीटर आम्ही काढूनच टाकतो. तरी अडीचशेवर, म्हणजे निम्म्या वेळावर, ठेवा म्हणालो. त्याला माझ्या मोजणीत कुठलाच आधार नव्हता.

मी परत धोतर ताणलं. अण्णांनी मान खाली घातली आणि काचेत बघत बराच वेळ घेतला. कधी अर्धं पाऊल मागं, कधी पुढं. वहिनींचा जीव टेकीला आला होता, पण तोंड हसरं होतं. त्या म्हणाल्या, "मेल्या माणसाला बी एवढं थांबवत न्हवतात की वो तुम्ही."

त्या हे बोलत असतानाच अण्णांनी बटण दाबलं. आवाज मला नीट ऐकू आला. शटर नीट चाललं तर एकच आवाज येतो. इथं उघडल्याचा वेगळा आणि मिटल्याचा वेगळा ऐकू आला. अण्णांनी माझ्याकडं बघितलं, रोल पुढं सरकवला आणि म्हणाले, अजून एक. पण स्वतःच्या बोलण्यावर हसताना वहिनींना उबळ आली होती. खोकला थांबेना, तेव्हा मी आणि बायकोनं त्यांना उचलून आत नेलं. खुर्ची तशीच उन्हात राहिली.

त्या परत बसल्या नाहीत. अण्णा रोज सकाळी ऊन आलं की खुर्ची अंगणात ठेवायचे आणि दुपारी आत आणायचे. पहिला फोटो कसा आलाय ते धुऊन बघू, असं मी दोनदा सुचवलं. रोल पुरा होऊ दे, एवढंच ते म्हणायचे. संक्रांतीच्या आधी वहिनी गेल्या.

मादन हिप्परग्याहून त्यांच्या माहेरची माणसं आली. सगळं तयार झालं. वहिनींचे भाऊ अण्णांजवळ येऊन म्हणाले, "दाजी, फोटू काढून घ्या. ऊन जायलंय." अण्णांनी इतक्या घरांतले काढले, आपल्या घरातला काढणार नाहीत असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. अण्णा आत गेले आणि कॅमेरा घेऊन आले. धोतर शोधायला लागलो तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं.

ते वहिनींच्या समोर उभे राहिले. कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडं केलं, मान खाली घातली. बायका रडायच्या थांबल्या. अण्णांनी बटण दाबलं. दोन आवाज आले. या वेळी आत फिल्म होती, म्हणजे एक फोटो वाया गेला होता. त्यांनी रोल सरकवला आणि पुन्हा जमिनीकडंच दाबलं. एकच आवाज आला, आखूड, कोरडा. मी जवळ जाऊन म्हणालो, "अण्णा, आता बरोबर हाय."

"म्हाईत हाय," ते म्हणाले.

त्यांनी रोल सरकवला आणि परत जमिनीकडं दाबलं. मग परत. लोक हात जोडून उभे होते, त्यांना वाटत होतं हा विधीच असेल. वहिनींचे भाऊ माझ्याकडं बघायला लागले. रोल संपून चावी नुसतीच फिरायला लागली तेव्हा अण्णा थांबले, काचेवरचं झाकण लावलं आणि म्हणाले, "उचला. तिला मयताचा नको व्हता."

रोल त्यांनी दिवसकार्य झाल्यावर धुतला. फिल्म दोरीवर वाळत लावली तेव्हा मी शेजारी होतो. पहिल्या फोटोत वहिनी. खुर्ची जागेवर, पदर जागेवर, मांडीवरचे हात स्पष्ट. तोंड मात्र हललेलं. डोळ्यांना दोन दोन कडा आणि ओठांच्या जागी नुसता डाग. दुसऱ्यात जमीन, तीही हललेली. त्याच्यापुढं सगळी जमीनच, आणि ती इतकी स्वच्छ की खडा न् खडा मोजावा. कुठं झेंडूची पाकळी, कुठं पाणी शिंपडलेलं, एकात माझ्या पायाचा अंगठा. अण्णांनी कात्रीनं वहिनींचा तुकडा कापून घेतला आणि बाकीची पट्टी माझ्या हातात दिली.

मी तो तुकडा कलबुर्गीला एका दुकानात नेला. तिथल्या माणसानं कॉम्प्युटरवर आधार कार्डाचा फोटो बघून चेहरा नीट करून दिला. डोळे एकेकच, ओठ मिटलेले, गाल गुळगुळीत. अण्णांनी तो हातात धरून उजेडाकडं नेला आणि मला विचारलं, "ही कोण?"

भिंतीवर हललेलाच आहे. भेटायला येणारे चष्मा सारखा करून बघतात, कुणी कुणी फोटो हललाय म्हणतात. अण्णा हां म्हणतात आणि चहा सांगतात.

उन्हाळ्यात मी त्यांना म्हणालो, आता घाई काही नाही, हैदराबादला देऊन कॅमेरा साफ करून आणतो. ते झेरॉक्सच्या मशिनीत कागद भरत होते. मागं न बघता म्हणाले, "आन् काढायचा कुणाचा?"