पाडायच्या यादीतलं गोदाम

इमारतींवर इतक्या मनापासून रागावणारा माणूस माझ्या बायकोच्या काकांखेरीज साऱ्या मराठवाड्यात दुसरा झाला नसेल. लोक माणसांशी भांडतात, काका भिंतींशी भांडत. मूळचे नायगावकडचे, पेशानं गवंडी. उभी हयात लातुरात थापी चालवण्यात गेलेली. शिक्षक म्हणून माझी बदली नांदेडहून लातूरला झाली तेव्हा मी त्यांच्या शेजारीच खोली घेतली आणि रोज संध्याकाळी त्यांच्याबरोबर फिरायला जाऊ लागलो. फिरायला हा आपला माझा शब्द. खरं म्हणजे ती पाहणी असे. बाजारातल्या एखाद्या तिमजली लॉजपुढे ते थबकत, एक डोळा मिटत आणि म्हणत, "बघा जावईबापू, कशी उभी हाय! कुणीतरी दम देऊन उभी केल्यावानी." एका दवाखान्याला बाहेरून निळ्या फरशा लावल्या होत्या. त्याच्यापुढे तर ते चक्क मान खाली घालून चालत. "मोरी उलटी करून रस्त्यावर ठेवलीय," म्हणत. आमच्या लग्नात नांदेडला सारे लोक वधूवरांवर फुलं टाकत होते, तेव्हा काका कार्यालयाच्या खांबाला ओळंबा लावून तो किती कललाय ते बघत होते. फोटोत त्यांची फक्त पाठ आली आहे.

पण त्यांचा राग आंधळा नव्हता. प्रत्येक इमारतीचा ते निकाल देत: पाडा, सुधरा किंवा राहू द्या. जुन्या थेटराच्या इमारतीला सगळे नावं ठेवत, काका मात्र म्हणत, "तिला हात लावू नका. नुसता वरचा कठडा बदला. बिचारीचं नाक लई चांगलं हाय." एखादी वाईट इमारत सुधारण्याजोगी निघाली की त्यांना एवढा आनंद होई, की घरी परतताना ते मला हॉटेलात भजी खाऊ घालत.

पुढे लातूर जिल्हा झाला आणि गावाला एकाएकी आपल्या रूपाची काळजी वाटू लागली. बाजारातल्या कोणत्या इमारती पाडाव्यात आणि कोणत्या दुरुस्त कराव्यात, हे ठरवायला नागरिकांची सभा बोलावली गेली. काकांना तर लग्नाचं बोलावणं आल्यासारखं झालं. त्यांना सहीपुरतंच लिहिता येई, म्हणून चार संध्याकाळी ते सांगत गेले आणि मी यादी लिहीत गेलो. पहिलंच नाव त्यांनी घेतलं ते बाजारामागच्या धान्याच्या गोदामाचं. ते खरोखरच कुरूप होतं. पूर्वेच्या भिंतीचं पोट सुटलेलं, तीन खिडक्या तीन उंचीवर. काका नेहमी त्याला वळसा घालून दुसऱ्या गल्लीनं जात. मला वाटे, धान्याचा कुबट वास सोसत नसेल.

"ह्याचा गुन्हा काय लिहू?" मी विचारलं.

"काय बी लिवू नका. नुसतं पाडा म्हणून लिवा."

सभेत प्रत्येकाला शेजाऱ्याची इमारत कुरूप दिसत होती, त्यामुळे गोंधळ भरपूर झाला. काकांची पाळी आली. धुतलेला पांढरा सदरा घालून ते उभे राहिले. मी यादी वाचू लागताच सभा चालवणारे नवे कलेक्टरसाहेब हसून म्हणाले, "ते गोदाम मीही पाहिलंय. बांधलं कुणी हो ते?"

काका जमिनीकडे बघत म्हणाले, "म्या बांधलं, साहेब. म्हणून तर सांगायलोय. माझ्या डोळ्यांदेखत पडू द्या."

सभा खो खो हसली. तेवढ्यात मागून चाकूरची एक भाजीवाली बाई उठली.

"हसू नका," ती म्हणाली. "ह्ये सांगणार न्हाईत, म्या सांगते. दुष्काळात आमी चाळीस बाया त्या कामावर होतो. काम संपलं की हजेरी बंद, हजेरी बंद की चूल बंद. तवा ह्ये मिस्त्री सकाळी भिंत उचलायचे अन् दुपारी वाकडी झाली म्हणून पाडायचे. तीनदा पाडली. सरळ भिंत पाडली, साहेब! मग वरून कुणी तरी आलं, आठ दिसात संपवा म्हणलं, तवा त्याच फुटक्या इटा घाईनं रचल्या. तिचं पोट सुटलंय ते त्याच्यानं."

"बाई, गप बस," काका पुटपुटले. त्यांचे कान लाल झाले होते. सगळ्या गावाच्या वाकड्या भिंती मोजणारा हा माणूस चोरी पकडली गेल्यासारखा उभा होता.

"मग पाडायचं का ठेवायचं?" साहेबांनी हळू आवाजात विचारलं.

"वाकडी ती वाकडीच हाय," काका म्हणाले.

"पाडायची असंल तर आमाला बी इचारा," बाई म्हणाली. "निम्मी भिंत आमच्या डोक्यावरून गेलीय."

साहेबांनी यादीतला 'पाडा' खोडून 'दुरुस्ती' लिहिलं, आणि ते काम काकांनीच बघावं असं सांगितलं.

त्या हिवाळ्यात काका पुन्हा पराती-थाप्यांत रमले. खिडक्या एका रेषेत आल्या, भिंतीला बाहेरून भक्कम टेकू मिळाला. चाकूरकडच्या त्या बाया बाजाराला आल्या की न सांगता गिलाव्यावर पाणी मारून जात. काका त्यांच्यावर खेकसत आणि मग चहा मागवत. काम संपलं त्या दुपारी भाजीवाल्या बाईनं पिठलं-भाकरी आणली. रिकाम्या गोदामात आम्ही गोल करून बसलो.

"तुझी पोरगी तवा वाळूत खेळायची. शिकली का?" काकांनी तिला विचारलं.

"तिसरीपस्तोर. काम बंद झालं अन् आमी हैदराबादेकडं गेलो कामाला. तिथं कुठली साळा? दोन महिनं ऱ्हायलो असतो हितं, तर पाऊस झालाच होता."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ती काकांना भाकरी वाढत होती. काकांनी घास तसाच हातात धरला आणि सुटल्या पोटाच्या त्या भिंतीकडे बघितलं.

"अजून एक डाव पाडायला पायजे होती," ते म्हणाले.