ओला ठेवायचा पत्रा आईने कूलर लावून वाळवला

मंडळी, दुपारपासून डोकं फिरलंय, म्हणून इथे लिहितेय.

आमच्या सक्करदऱ्याच्या घरी मागच्या खोलीवर बाबांनी सत्तरच्या दशकात घातलेले सिमेंटचे पत्रे आहेत. त्यात ॲस्बेस्टॉस असतं. यंदाच्या पावसात ते तडकले आणि खोलीभर पाणी झालं. आज मिस्त्रीभाऊ ते काढायला आले.

मी सकाळीच पत्र्यांवर पाइपने पाणी मारलं आणि त्यांना बजावलं, "फोडू नका. बोल्ट खोलून अख्खे उतरवा आणि ओलेच ठेवा. वाळले की बारीक धूळ उडते, ती फुप्फुसात जाऊन बसते." चांगला मास्कही आणून दिला. मग मी कामासाठी रामदासपेठेत गेले.

परत येऊन पाहते तर खोलीत कूलर सुरू, पाण्याशिवाय, फुल स्पीडवर. समोर हातोड्याने फोडलेल्या पत्र्यांचे तुकडे, आणि आई केरसुणीने झाडून राहिली.

"आई, कूलर काहून लावला?"

"एवढी ओल होती वं. वाळवून राहिली मी. इतकी वर्षं याच पत्र्याखाली झोपलो, काय झालं आमाले?"

कूलर बंद केला, सगळ्यांना बाहेर काढलं, तुकड्यांवर पुन्हा पाणी मारलं. तुमच्याकडेही ओल दिसली की आधी कूलरच लावतात का हो?

मास्क मात्र सुखरूप आहे. खुंटीवर, पिशवीतल्या पिशवीत. मिस्त्रीभाऊ म्हणाले, "नवा होता ताई, धुळीत खराब होऊन गेला असता."