दुसऱ्याच्या नातवाची आजी

दर शनिवारी दुपारी गंगापूर रोडवरच्या एका सभागृहात आम्ही काही आजी-आजोबा जमतो. प्रत्येकाच्या घरी ऑटिझम असलेलं नातवंड. मुलासुनांना दोन घटका मोकळीक द्यायची आणि आपणही एकमेकांना धरून राहायचं, एवढाच हेतू. नियम मात्र एक आहे: आपल्या नातवंडापाशी बसायचं नाही, दुसऱ्याच्या नातवंडापाशी बसायचं. ऐकून मी तोंड वाकडं केलं होतं. आपलं सोडून लोकाचं कशाला सांभाळायचं?

पण मला ते जमलं, चांगलंच जमलं. माझ्या वाट्याला घोटीचा एक मुलगा आला. एसटी स्टँडवरच्या घोषणा त्याला तोंडपाठ. "येवल्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे," असं तो म्हणायचा आणि मी पिशवी काखोटीला मारून विचारायचे, "साहेब, येवला गाडी कुठं लागते?" की पुन्हा तेच. अख्खी दुपार मी येवल्याला निघालेली. कंटाळा म्हणून येत नसे. त्याची आजी म्हणाली, "लय जीव लावता माझ्या पोराला. तुमची नात नशिबाची हाय." मी ते गोड मानून घेतलं. नव्यानं येणाऱ्यांना तर शिकवायलाही लागले, की प्रश्न शंभरदा आला तरी उत्तर पहिल्यासारखंच द्यायचं. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

गेल्या शनिवारी सून आम्हाला न्यायला लवकर आली. दारात उभं राहून तिनं माझा येवल्याचा प्रवास पाहिला. रिक्षात ती सारखी माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, कौतुक वाटलं असेल.

संध्याकाळी मी कणीक मळत होते. नात ओट्यापाशी आली. "आजी, लाईट जाणार?" हा तिचा रोजचा प्रश्न, दिवसातून किती वेळा ते विचारू नका. एरवी मी म्हणते, "पुरे. एकदा सांगितलं ना?" आणि आवाज माझा मुळात चढा. पण सून शेजारी भाजी चिरत होती, म्हणून साखर घालून म्हटलं, "नाही गं बाळा, नाही जाणार." तिनं ते ऐकलंच नाही. विचारता विचारताच तिनं डोळे मिटून दोन्ही कान दाबून धरले होते.

"हेही हिच्या आजारातलंच," मी सुनेला म्हणाले. "आपणच विचारायचं आणि आपणच कान झाकायचे."

सुनेनं सुरी खाली ठेवली. "आई, मला विचारताना ती कान झाकत नाही. तिच्या बाबांना विचारताना पण नाही."

तिच्या बोलण्यात राग असता तर मी भांडले असते, त्यात मी कमी नाही. पण राग नव्हता. मला लाज वाटली, अशी की सुनेकडे बघवेना. त्या घोटीच्या मुलाकडून मला काहीच नको असतं. हिनं मात्र बरं व्हावं, चारचौघांसारखं व्हावं, आणि तेही माझ्या डोळ्यांदेखत, अशी माझी घाई.

कणकेच्या हातांनीच मी नातीसमोर खाली बसले. ती आईच्या मागे सरकली. कानांवरचे हात तसेच होते.