शटरवर ठेवलेला हात

सबंध इंदूरला वेळेवर झोपवायची जबाबदारी देवाने आपल्यावर टाकली आहे असं मानणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा काका निघाला. या काकांशी मी एकदा खोटं बोललो. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. पण आधी काका कसे आहेत ते सांगतो, म्हणजे ते खोटं केवढं होतं ते कळेल.

काका श्रम कार्यालयात निरीक्षक होते. दुकानं ठरल्या वेळी उघडतात का, वेळेवर मिटतात का आणि आठवड्यातला सुट्टीचा दिवस पाळतात का, हे पाहणं त्यांचं काम. बाकीचे निरीक्षक पानवाल्याला नि शिंप्याला दम देऊन घरी जात. काका मात्र लहान दुकानाकडे बघून न बघितल्यासारखं करत आणि थेट चार मजली काचेच्या दुकानात शिरत. "छोटा माणूस दमला की आपणच शटर ओढतो, भिया. या मोठ्यांना दमणं माहीतच नाही," असं त्यांचं म्हणणं. दुकान ही त्यांच्या लेखी जिवंत वस्तू होती. बंद शटरवर ते तळहात ठेवून डोळे मिटत, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. आत पंखे चालू असले की पत्र्याला बारीक कंप येतो, तो त्यांना बरोबर कळे. कंप नसला की "झोपलंय" म्हणत आणि पुढच्या दुकानाकडे चक्क चवड्यांवर चालत जात. एकदा हॉर्न वाजवणाऱ्या रिक्षावाल्याला त्यांनी "धीरे, भिया, बाजार सो रहा है" म्हणून थांबवलं, तर तो बिचारा गल्ली संपेपर्यंत रिक्षा ढकलत गेला. सुट्टीच्या दिवशी मोठ्या दुकानातल्या थांबलेल्या सरकत्या जिन्यावर ते नदीच्या घाटावर बसावं तसे बसून राहत. "बघा, आज पायऱ्यासुद्धा बसल्यात," म्हणत.

घरीही हेच. काकूंच्या स्वयंपाकघराला गुरुवारची सुट्टी. त्या दिवशी काका बाहेरून साबुदाण्याची खिचडी आणत आणि दारात पहारा देत. काकूंनी चहाला गॅस पेटवला की आवाज यायचा, "दुकान बंद आहे! ग्राहक कोण?"

"ग्राहकही मीच आणि मालकही मीच," काकू म्हणायच्या. "इन्स्पेक्टरला हवाय का अर्धा कप?"

इन्स्पेक्टर अर्धा कप घेत असे. लाच म्हणून त्यांनी आयुष्यात घेतलेली एवढीच.

मी तेव्हा अशाच एका मोठ्या दुकानाचा मॅनेजर होतो. आमची सुट्टी बुधवारी; म्हणजे पुढचं शटर खाली आणि गिऱ्हाईक मागच्या दाराने आत. शेठ म्हणायचे, "सामने से तो बंद है ना! कानून पीछे से थोड़ी आता है." साडीच्या काउंटरवर महूहून येणाऱ्या एक बाई होत्या. पहाटे निघायच्या, रात्री परतायच्या. सुट्टी मिळाली तरच लेक जागी दिसायची. त्यांनी धीर करून काकांना सगळं सांगितलं. काका म्हणाले, "या बुधवारी लेकीला घेऊन खजरान्याच्या गणपतीला जा. दुकान मी झोपवतो."

बुधवारी दुपारी काका आले तेव्हा बाई आत साड्या उलगडत होत्या आणि मी शटरसमोर उभा होतो. काका येणार हे शेठच्या कानावर गेलं होतं, त्यांनीच उभं केलं होतं. शेठ मराठी नव्हते, पण एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं की आमच्यात जावयाचा शब्द कुणी तपासत नाही. जावयाला पानावरून उठवत नाहीत, तसं 'शटर वर करा' असंही म्हणत नाहीत.

"जावईबापू, आत कोणी आहे?"

"कोणी नाही, काका."

त्यांनी शटरवर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "झोपलंय." आणि चवड्यांवर नाही, चपला वाजवत निघून गेले. पुढच्याच आठवड्यात त्यांनी तो बाजार दुसऱ्या निरीक्षकाकडे सोपवला. बाईंनी मला एवढंच विचारलं, "साहेब, ते आले होते ना?" मी म्हटलं, "आले होते." त्या साड्यांच्या घड्या घालू लागल्या. दिवाळीनंतर त्या कामावर यायच्या बंद झाल्या.

काका आता निवृत्त आहेत, बड़ा गणपतीजवळ राहतात. मी अधूनमधून जातो. अजूनही चांगली खुर्ची मलाच मिळते. बोलता बोलता त्यांचा डोळा लागतो, हात खुर्चीच्या दांडीवर अलगद पसरतो, खाली एवढी रहदारी असते पण त्यांच्या भोवती कुठलातरी मिटलेला बाजार असावा तशी शांतता पसरते. मी घसा साफ करतो, वाक्य जुळवतो. तेवढ्यात ते डोळे न उघडताच विचारतात, "जावईबापू, आहात ना?"

"आहे, काका."

आणि पुढचं राहून जातं. काकांना मी एक खरं उत्तर देणं लागतो, आणि त्या बाईंना एक बुधवार.