माझ्याऐवजी आबा बोलले

डॉक्टरांनी विचारलं आबांना. मी समोर स्टुलावर बसले होते. गळ्यावर गाठ तपासल्याची पट्टी, मांडीवर माझीच फाइल.

"पुढे मूलबाळ वगैरे, काही विचार?"

आबा हसले. "तिचं लग्नच नाही अजून. आणि यांच्या घरात पोरांना काय तोटा?"

डॉक्टरही हसले. फॉर्मवर खूण केली. संपलं. माझ्या पोटाचा निकाल दोन पुरुषांनी हसत लावला.

आबा म्हणजे आमचे मालक. चोपड्याकडे त्यांच्या केळीच्या बागा. आईबाप तिथे राबले, बारावीनंतर मीही तिथेच केळी धुते, खोक्यांत भरते. आमच्या मजुरांच्या घरात मोठं दुखणं आलं की जळगावला मालकासोबत जायचं आणि बोलायचं मालकानं. रीतच ती. आबांनी स्वतःची गाडी काढली होती. त्या उपकाराखाली मी गप. सोबत आलेला माझा भाऊही गप.

सिस्टर माझे कागद तयार करत होती, तेवढ्यात पुढची पेशंट आत आली. सराफाची मुलगी, माझ्याच वयाची. लग्न तिचंही व्हायचं होतं. आजार तोच, कॅन्सर. पण डॉक्टरांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. केमोनंतर कदाचित मूल होणार नाही. आधी अंडी काढून गोठवून ठेवता येतात, नाशिकला सोय आहे, दोन आठवडे थांबलं तर चालेल, घरी विचार कर. सगळं तिला सांगितलं. तिला.

सिस्टरनं केमोच्या संमतीचा फॉर्म पुढे केला. आबांनी खिशातून पेन काढलं. मी फॉर्म ओढून घेतला.

"मला हे का नाही सांगितलं?"

डॉक्टर म्हणाले, तुमच्या मालकांना विचारलं की.

भाऊ कुजबुजला, "आबाले बठ्ठं समजस. तू गप बस."

"समजत असेल सगळं. पण आबा शेताचे मालक आहेत," मी म्हणाले. "माझे नाहीत."

आबांचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण फॉर्म सोडला नाही. डॉक्टरांना पहिल्यापासून सगळं सांगायला लावलं, नाशिकची चिठ्ठी लिहून घेतली.

एसटीनं परत आलो. भाऊ अजून बोलत नाही. खर्च झेपेल का, अंडी मिळतील का, मी तरी वाचेन का, कशाचीच खात्री नाही. उद्या नाशिकला जाणार आहे.

मूल हवंय का, हे खरं तर मी अजून ठरवलेलं नाही. नको म्हणायचं झालं, तर ते मी म्हणेन.